ड्रायव्हरचं ताट

सुरुवातीलाच माफी मागतो. पुरवणीत असे लेख लिहिणारी माणसं मोठी असतात आणि ज्यांच्यावर लिहितात ती त्याहून मोठी असतात. मी परभणीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहावं की लिहू नये हे विचारायला घरात कुणी नाही. ज्यांच्यावर लिहितोय ते तात्या, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पालम तालुक्यातल्या आमच्या गावाहून जीप चालवायचे. त्यांना जाऊन दीड महिना झाला. त्यांच्या नावावर संस्था नाही, पुरस्कार नाही. एकच गोष्ट त्यांना फार चांगली यायची, ती म्हणजे हॉटेलांची नालस्ती. गेलेल्या माणसाचा राग लिहून काढावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्यांचा सगळा चांगुलपणा त्या रागातच होता, वेगळा काढून दाखवता येईल असा नव्हता... म्हणून जसा होता तसा लिहितो. कुणा हॉटेलवाल्याचं मन दुखलं तर दुखू द्यावं, असं तात्या म्हणाले असते.

आपल्याकडे एक समजूत आहे की जिथे ड्रायव्हर लोक जेवतात तिथलं जेवण चांगलं असतं. शिकलेली माणसंसुद्धा हे मोठ्या शहाणपणाने सांगतात. तात्यांना या समजुतीची जितकी चीड होती तितकी दुसऱ्या कशाचीच नव्हती, कारण ते स्वतः ड्रायव्हर होते. प्रवाशांची गाडी हॉटेलसमोर लागली की मालक गल्ल्यावरून उठून येतो, पण प्रवाशांकडे नाही, ड्रायव्हरकडे. "या साब, आत बसा." आत म्हणजे भटारखान्याला लागून असलेली खोली. तिथे एक टेबल, एक पंखा. तिथली भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, भाजी त्याच दिवशीची असते, बाजूला तुपाची वाटी, जेवण झाल्यावर पान. पैसे घेत नाहीत. ड्रायव्हरने एवढंच करायचं की पुढच्या खेपेलाही गाडी इथेच थांबवायची. तोवर बाहेर गाडीतली दहा-बारा माणसं कालची भाजी आजच्या फोडणीत खात असतात, आणि आत जाणाऱ्या ड्रायव्हरकडे बोट करून एकमेकांना सांगतात, "बघा, ड्रायव्हरबी इथंच जेवायलाय." त्या आतल्या ताटाला या धंद्यात 'ड्रायव्हरचं ताट' म्हणतात. तात्या म्हणायचे, "ते ताट आतल्या चुलीवर शिजत न्हाई बापू, ते भाईरच्या माणसाच्या पोटातून काढून घेतलेलं असतंय."

दहावीनंतरच्या सुट्टीत मी त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून बराच फिरलो. लग्नसराई होती, आज हे वऱ्हाड, उद्या ते. प्रत्येक हॉटेलात तोच प्रकार व्हायचा. मालक 'आत या' म्हणायचा आणि तात्या बाहेरच्या बाकड्यावर वऱ्हाडात बसकण मारायचे. "मी इतंच बसतो. ह्यांना जे वाढायलाव तेच मला वाढा." एवढ्या एका वाक्याने मालकाचं तोंड उतरायचं. मग भटारखान्यात कुजबुज व्हायची आणि सगळ्याच ताटांत जरा बरी भाजी पडायची... किंवा पडायची नाही. पडली नाही की तात्या सुरू व्हायचे.

नांदेडच्या रस्त्यावर तेव्हा एक नवं फॅमिली गार्डन रेस्टॉरंट झालं होतं. दारात सिमेंटचा जिराफ, त्याच्या मानेला लाइटच्या माळा. शेजारी कारंजं, त्यात पाणी नव्हतं, गुटख्याच्या पुड्या होत्या. वऱ्हाडी मंडळी हरखली, जिराफाच्या पायाशी उभं राहून फोटो काढायला लागली. तात्यांनी जिराफाकडे मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, "ज्याला भाजी जमत न्हाई ते जिराफ बांधतंय." आत बसल्यावर मेनूकार्ड आलं, ते लग्नपत्रिकेपेक्षा जाड होतं. तात्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. पनीर अंगारा, पनीर तुफानी, पनीर पटियाला, पनीर हैदराबादी... "बास," ते म्हणाले आणि हात धुवायच्या निमित्ताने भटारखान्यात डोकावून आले. "दोन शेगड्या हायत आन् एक पातेलं हाय, लाल रश्शाचं. अठरा नावं त्या एकाच पातेल्याची. हॉटेल हाय का बारसं?"

तेवढ्यात मालकाचा डबा आला. चार पुडांचा, स्टीलचा, घरून आलेला. मालकाने गल्ल्यावरच पेपर पसरून तो उघडला आणि मेथीच्या भाजीचा वास आमच्या टेबलापर्यंत आला. तात्या उठून गल्ल्याशी गेले.

"शेठ, डबा घरून येतो का तुमचा?"

"हां साब, मला जरा पित्ताचा तरास हाय ना."

तात्या वऱ्हाडाकडे वळले. "शेठला पित्त हाय म्हणं. तुमाला कुणाला हाय का? नसंल तर आता हून जाईल."

निम्मी माणसं हसली, पण नवरदेवाचा मामा हसला नाही. त्याने पाहुण्यांच्या मानासाठी ही जागा मुद्दाम निवडली होती. तो म्हणाला, "ड्रायव्हर, तुमी गाडी चालवा. आमी काय खावं ते आमाला कळतंय." तात्यांनी समोर आलेलं लाल पनीर निमूट खाल्लं. परत येताना गाडीत तिघांना उलट्या झाल्या. त्यातला एक तो मामा होता. मला वाटलं, आता तात्या त्याला टोमणा मारतील. त्यांनी गाडी बाजूला घेतली, त्याला पाण्याची बाटली दिली, त्याची पाठ चोळली आणि एक शब्द बोलले नाहीत. नालस्ती ते फक्त हॉटेलवाल्यांसाठी राखून ठेवायचे.

या स्वभावाने त्यांचं नुकसानच झालं. हॉटेलवाले त्यांना टाळायचे, बाकीचे ड्रायव्हर 'महाराज' म्हणून चिडवायचे, आणि ज्यांच्यासाठी ते बाहेर बसायचे त्या प्रवाशांनाही दुसऱ्या जीपा आवडायच्या, कारण त्या जिराफाजवळ थांबायच्या. त्यांना गरीब हॉटेलाचा राग नव्हता, हे मात्र सांगितलं पाहिजे. धुराने काळी झालेली भिंत त्यांना चालायची, मोडकं बाकडं चालायचं. टेबल पुसल्यावर टेबलाला फडक्याचा वास आला की ते उठायचे. कांदा समोर चिरतात की सकाळीच चिरून ठेवलाय ते बघायचे. मागवायचं असलं तर साधं वरण मागवायचे, कारण वरणात लपायला जागा नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. पाहुणा कितीही श्रीमंत असो, त्याला ते वरणच खायला लावायचे. आणि एक गोष्ट ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. "ओळखीच्या माणसाला समदेच चांगलं वाढतेत. एखादी बाई, लेकरू कडेवर घिऊन, परगावची, परत कधी यायची न्हाई अशी... तिच्या ताटात काय पडायलंय ते बघ. तेवढंच हॉटेल खरं. बाकी समदा जिराफ."

मग मी परभणीला कॉलेजात आलो, आणि इथून पुढचं लिहिताना मला माझीच शिसारी येते. हॉस्टेलवर माझ्या खोलीत सूरज नावाचा मुलगा होता. तो मोबाइलवर हॉटेलांचे व्हिडिओ करून टाकायचा आणि ते बघून बरीच पोरं तिकडे जायची. त्याला मराठी लिहायला यायचं नाही, मला यायचं. त्याच्या व्हिडिओखाली जाणाऱ्या ओळी मी लिहायला लागलो. लोक कविता लिहितात, कथा लिहितात... माझं पहिलं छापून आलेलं लेखन म्हणजे 'चुलीवरची अस्सल गावरान चव'. ज्या हॉटेलाबद्दल ते लिहिलं त्याच्या दारात चूल होती, पण तिच्यात लाकडं नव्हती, लाल बल्ब होता. मी ते बघितलं होतं आणि तरी लिहिलं होतं. 'अप्रतिम', 'अविस्मरणीय', 'एकदा तरी भेट द्याच'. असले शब्द मी वाटाण्यासारखे फेकत होतो. मालक आम्हाला आत बसवायचे, एसीमध्ये. आमचं ताट वेगळं यायचं, भाजीवर सायीची नक्षी असायची. जेवण झालं की सूरज पाच तारे द्यायचा आणि मी दोन ओळी. मला मालक 'सर' म्हणायचे. आमच्या घरात कुणालाच कधी कुणी सर म्हटलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी तात्या जीपचा काही सुटा भाग घ्यायला परभणीला आले. मी त्यांना अशाच एका हॉटेलात नेलं, सूरजही बरोबर होता. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही, म्हणून वाटेत आमच्या व्हिडिओंचं आणि माझ्या ओळींचं सगळं सांगितलं. मालक दारातच म्हणाला, "या सर, तुमचं टेबल आत लावलंय." तात्यांनी 'आत' हा शब्द ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. पण माझ्यासाठी म्हणून आले, बसले. शेवभाजी आली. घट्ट रस्सा, वर कडक शेव, कोथिंबीर. तात्यांनी घास मोडला नाही. उठून बाहेरच्या हॉलमध्ये गेले. तिथे एक म्हातारी आणि तिचा मुलगा जेवत होते, टेबलावर एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. दवाखान्याला आलेली माणसं. मी दारातून बघत होतो.

"काय मागवलंव माय?"

"शेवभाजी हाय म्हणं," म्हातारी म्हणाली. "पर शेव सापडंना गेलीय."

तात्या आत आले, स्वतःच्या पुढची वाटी उचलली, बाहेर नेऊन म्हातारीपुढे ठेवली आणि तिची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. लालसर पाणी, त्यावर भिजून फुगलेल्या शेवेचे चार तुकडे. "घे. आता ह्येच्यावर लिही."

"तात्या, लोक बघायलेत."

"बघू दे की. कामून, तुला आतलंच बघू वाटतंय का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "कॉलेज शिकून हे शिकलास व्हय रं? मी तीस वर्सं जे ताट खाल्लं न्हाई ते तू खायलास. माझ्या जीपमदी तर दहाच माणसं बसत हुती बापू. तुझ्या मोबाइलात किती बसायलेत?"

मालक बघत होता, सूरज बघत होता. मी म्हणालो, "तुमाला ह्यातलं काय कळतंय? तुमी जीप चालवा."

बोलल्यावर मला नवरदेवाचा मामा आठवला. तात्यांनाही आठवला असावा. त्यांनी खिशातला रुमाल काढून हात पुसले, जरी हात खरकटे नव्हते. "बराबर हाय," एवढंच म्हणाले. मला हॉस्टेलवर सोडलं आणि गेले.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं असतं तर बरं झालं असतं. ते बोलायचे. फोनवर पाऊस, पेपर, आईची तब्येत, सगळं निघायचं. पण हॉटेलविषयी एक अक्षर नाही. कुठे काय खाल्लं, कुणाची कशी फजिती केली, हे जे ते पूर्वी अर्धा अर्धा तास सांगायचे, ते माझ्यासाठी बंद झालं. मी परका झालो होतो. मी 'चुकलं' म्हणालो तर "कशाचं रं?" म्हणून विषय बदलायचे. मला त्यांची माफी नको होती. माझ्यासमोर बसून त्यांनी एकदा पोटभर जेवावं आणि पोटभर नालस्ती करावी, एवढंच मला हवं होतं.

मी सूरजसाठी लिहिणं सोडलं. तो म्हणाला, "येड्या, फुकटचं जेवण सोडायलास?" मी म्हणालो, फुकटचं नव्हतं ते. त्याला कळलं नाही, मीही समजावलं नाही. मग मी परभणीत एकटा हिंडायला लागलो, ओळख न देता, बाहेरच्या बाकड्यावर बसून. आणि जे दिसलं त्याने तात्या किती कमी बोलायचे हे कळलं. 'शुद्ध शाकाहारी' अशी मोठी पाटी आणि खाली हात धुवायच्या नळाला पाणीच नाही. भिंतीभर प्लास्टिकची वेल, तिच्या पानापानावर तेलाचा थर. वाढप्याला वरण मागितलं तर तो असा बघतो की जणू आपण मोफत मागितलं. आणि समोरच्या टेबलावर माझ्याच वयाची पोरं ताट निवेपर्यंत त्याचे फोटो काढताहेत, खाली लिहायला कुणीतरी माझ्यासारखा दुसरा सापडलेला आहे...

स्टेशनच्या मागच्या बाजूला मला कावेरीताईंची खानावळ सापडली. पाटी नाही. एक खोली, चार बाकडी, कोपऱ्यात चूल, म्हणजे खरं तर शेगडी, पण पेटती, आणि आत-बाहेर असा प्रकार नाही. एकदा दुपारी उशिरा मी तिथे बसलेलो असताना गाडी चुकलेला एक माणूस आला, हातात पिशवी, परगावचा. ताई म्हणाल्या, "भाजी सरली दादा. वरण हाय, ते बी थोडंच. पटलं तर बसा." तो बसला. ताईंनी पातेल्यातलं वरण त्याला वाढलं आणि उरलेलं स्वतः घेऊन समोरच्या बाकड्यावर जेवायला बसल्या. मी तिथेच ठरवलं की तात्यांना इथे आणायचं.

पण तात्या आजारी पडले. छातीचं दुखणं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी जीप बंद करायला सांगितली होती. माझ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी फोन केला.

"तात्या, पेपर झाले की तुमाला परभणीला आणतो. एका ठिकाणी जेवायचंय."

मला वाटलं, पुन्हा पावसावर येतात. पण म्हणाले, "आत बसवतेत का भाईर?"

"आत-भाईर न्हाईच तितं. एकच खोली हाय."

"मालकाचा डबा?"

"मालकीणबाई हाय. समद्यांचं झालं की त्याच पातेल्यातलं खाती."

"वरण?"

"तुमीच बघा."

"बघतो की. पातळ निघालं तर तितंच उभं राहून बोलंन, मग लोक बघायलेत म्हणू नको." आणि ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. फोन ठेवल्यावर मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडलो... आनंदानेच.

पाच पेपर होते. पहिल्या पेपरनंतर तात्यांशी बोललो. "नीट लिही, पर खरं लिही," म्हणाले. दुसऱ्या पेपरच्या संध्याकाळी फोन केला तर तो आईने उचलला, म्हणाली, "झोपलेत." तिसऱ्याच्या संध्याकाळीही म्हणाली, "झोपलेत, औषदानं गुंगी येती." चौथ्याच्या वेळी फोन लागला नाही. मला काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात शेवटचा पेपर होता आणि त्यानंतरचं जेवण.

शेवटचा पेपर दुपारी सुटला. मी सरळ कावेरीताईंकडे गेलो आणि म्हणालो, "उद्या न्हाईतर परवा आमी दोघं येतो. माझे मोठे चुलते हायत. लय बोलतेत, मनावर घिऊ नका."

"बोलू दे की. जेवून बोलतेत का न जेवता?"

"जेवून."

"मग काय चिंता न्हाई," त्या म्हणाल्या आणि माझं ताट वाढायला घेतलं. तेवढ्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. ते परभणीतच होते, स्टेशनजवळ. मला घ्यायला आले होते. मी जागा सांगितली आणि पाच मिनिटांत ते दारात उभे राहिले. दाढी वाढलेली होती. वाटलं, शेतात काम निघालं असेल. ते माझ्यासमोर बसले. ताईंनी न विचारताच दुसरं ताट काढलं, तर त्यांनी हात आडवा केला.

"न्हाई ताई, मला नगं."

"थोडं वरण-भात तरी घ्या भाऊ. लेकरासंगं बसा."

"भाईरचं चालत न्हाई मला सध्या."

मी विचारलं, "पोट बिघडलंय का?" ते म्हणाले, "तू जेव आदी. निवांत जेव."

मी निवांत जेवलो. दोनदा वरण घेतलं. आणि जेवताना सारखा बोलत होतो. की तात्यांना उद्याच आणू, जिपेचा धक्का बसायला नको, रेल्वेने आणू. त्यांना या बाकड्यावर बसवू, म्हणजे शेगडी दिसेल. ताई कांदा समोरच चिरतात, पण त्यांना आधी सांगायचं नाही, त्यांचं त्यांना दिसू द्यायचं. ते वरणाला पातळ म्हणणार, मला माहीत आहे, म्हणणारच, म्हटल्याशिवाय त्यांना घास जात नाही. आप्पा माझ्या ताटाकडे बघत 'हं' म्हणत होते. एकदा त्यांनी जग उचलून माझ्या ग्लासात पाणी ओतलं. आप्पांनी मला असं पाणी कधी दिलेलं नव्हतं, तरी माझं बोलणं थांबलं नाही.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पोट भरलं?"

"भरलं."

"हात धुऊन ये मग."

मी हात धुऊन आलो. आप्पा उठून उभे होते. त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या ओल्या हातात दिला.

"तात्या गेले बापू. तुझा दुसरा पेपर हुता, त्या दिवशी."